मेक्सिकोच्या वाटेवर : काय पाहावे आणि का पाहावे?

परदेशप्रवास ही आता आपल्या समाजात नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. आखाती देशांत, अमेरिकेत आणि कॅनडात आपली मुलेबाळे स्थिरावली आहेत. लूर्द, फातिमा, रोम आणि पवित्र भूमी येथील यात्रा आपल्या धर्मग्रामांतून निघतात. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील शेजारच्या मेक्सिकोचाही विचार करू लागले आहेत. मग प्रश्न पडतो, मेक्सिकोत पाहायचे तरी काय? हा देश सुमारे साडेएकोणीस लाख चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या भारताच्या निम्म्याहून मोठा. तेथे पिरॅमिड आहेत, ज्वालामुखी आहेत, सोन्याने मढवलेल्या वेदी आहेत आणि कानकूनसारखे समुद्रकिनारेही आहेत. दोन आठवड्यांच्या सुटीत हे सारे पाहणे अशक्य. निवड ही करावीच लागते.

ही निवड प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांवरून न करता इतिहासावरून करावी, असे आम्हांला वाटते. त्याला कारण आहे. मेक्सिको आणि आपली उत्तर कोकणची किनारपट्टी या दोहोंकडे ख्रिस्ती श्रद्धा एकाच शतकात आणि एकाच पद्धतीने, म्हणजे साम्राज्याच्या जहाजांतून आली. १५२१ साली स्पॅनिशांनी मेक्सिकोची राजधानी जिंकली. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. जहाजातून तलवार उतरली आणि क्रूसही उतरला. त्यांपैकी कोण कोणाच्या मागे चालला, क्रूसाने तलवारीला केव्हा आशीर्वाद दिला आणि केव्हा तिचा हात धरला, हा प्रश्न मेक्सिकोच्या प्रत्येक चौकात उभा आहे. तो आपलाही प्रश्न आहे. म्हणून ज्या स्थळी हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो, तेच स्थळ आम्ही या लेखापुरते ‘पाहण्याजोगे’ मानले आहे.

राजधानी : मंदिरावर मंदिर

प्रवासाचा आरंभ मेक्सिको सिटीपासून होतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर, एका आटवलेल्या सरोवराच्या तळावर वसले आहे. आस्तेक लोकांनी १३२५ च्या सुमारास येथे तेनोच्तित्लान नावाचे नगर उभारले. पाण्यातले रस्ते, कालवे, तरंगत्या भासणाऱ्या शेतांचे वाफे आणि मध्यभागी उंच देवालय असे ते नगर पाहून एर्नान कोर्तेसचे सैनिक थक्क झाले होते. १३ ऑगस्ट १५२१ रोजी ते पडले. कोर्तेसच्या मूठभर सैन्याने ते एकट्याने जिंकले, हा समज मात्र खरा नाही. आस्तेकांच्या जाचाला कंटाळलेले त्लाश्कालासारखे स्थानिक समाज हजारोंच्या संख्येने त्याच्या बाजूने लढले, आणि १५२० साली आलेल्या देवीच्या साथीने नगर आधीच पोखरले होते.

सोकालो या मुख्य चौकात उभे राहिले की हा इतिहास दगडांत दिसतो. एका बाजूला महामंदिर, म्हणजे कॅथीड्रल आहे. १५७३ साली सुरू झालेले त्याचे बांधकाम १८१३ साली पूर्ण झाले. त्याच्या शेजारीच आस्तेकांच्या मुख्य देवालयाचे, तेम्प्लो मायोरचे, उघडे पडलेले चौथरे आहेत. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी वीज कंपनीचे कामगार रस्ता खणत असताना कोयोल्शाउकी या चंद्रदेवतेची सव्वातीन मीटर व्यासाची कोरीव शिळा त्यांना लागली आणि चार शतके जमिनीखाली असलेले देवालय उत्खननातून वर आले. जुन्या देवालयाचे दगड नव्या इमारतींना वापरले गेले होते. नगर भुसभुशीत तळावर असल्यामुळे कॅथीड्रलही सतत खचते. आत उभे राहिल्यावर जमिनीचा उतार पायांना जाणवतो.

तेथून थोड्या अंतरावर त्लातेलोल्कोचा ‘तीन संस्कृतींचा चौक’ आहे. पुष्कळ प्रवासी तो वगळतात. आपण वगळू नये. आस्तेक देवालयाचे अवशेष, सोळाव्या-सतराव्या शतकांतील सांतियागोचे चर्च आणि विसाव्या शतकातील उंच इमारती येथे एकाच नजरेत येतात. १५३६ साली फ्रान्सिस्कनांनी येथे सांता क्रूस नावाचे विद्यालय काढले आणि स्थानिक मुलांना लॅटिन शिकवले. त्याच मुलांच्या साहाय्याने बेर्नार्दिनो दे साआगुन या धर्मबंधूने आस्तेकांचे देव, औषधी, चालीरीती आणि पराभवाच्या आठवणी त्यांच्याच नाव्हात्ल भाषेत बारा भागांत लिहून ठेवल्या. आज आस्तेकांविषयी जे ज्ञान आहे, त्याचा फार मोठा भाग या ग्रंथावर उभा आहे. याच चौकात २ ऑक्टोबर १९६८ रोजी सरकारी गोळीबारात विद्यार्थी मारले गेले. एका चौकाने किती दुःखे वाहावीत!

तेपेयाकची टेकडी

कॅथलिक यात्रेकरूला ग्वादालुपेच्या मातेचे मंदिर सांगावे लागत नाही. परंपरेनुसार ९ ते १२ डिसेंबर १५३१ या दिवसांत ह्वान दिएगो या स्थानिक गरीब बाप्तिस्माधारकास पवित्र मारियेने तेपेयाकच्या टेकडीवर दर्शन दिले. बिशप ह्वान दे सुमार्रागा यांनी खूण मागितली तेव्हा त्याने अंगरख्यात भरून आणलेली फुले खाली ओतली, आणि त्या जाडसर वस्त्रावर मातेची प्रतिमा उमटलेली दिसली. हा वृत्तान्त नाव्हात्ल भाषेत १६४९ साली छापला गेला. माता ह्वान दिएगोशी बोलली ती त्याच्या भाषेत, आणि तिचा वर्ण होता त्याच्यासारखा सावळा. पराभवाला अवघी दहा वर्षे झाली होती. जेत्यांचा देव जितांच्या भाषेत बोलू शकतो ही गोष्टच त्या काळी अपूर्व होती.

तेपेयाकवर पूर्वी तोनान्त्सिन, म्हणजे ‘आपली माता’, या नावाने देवीची पूजा होत असे, असे साआगुननेच नोंदवले आहे आणि नव्या भक्तीविषयी शंकाही व्यक्त केली आहे. ह्वान दिएगोच्या ऐतिहासिकतेवर विद्वानांत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वाद झाले. अखेर ३१ जुलै २००२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी मेक्सिकोत येऊन त्यांना संतपद बहाल केले. आपल्या वाचकांनी या वादाने बिचकण्याचे कारण नाही. जुन्या देवस्थानाची वाट न मोडता तीच वाट नव्या श्रद्धेकडे वळणे, हे आपल्याही किनाऱ्यावर ठिकठिकाणी घडले आहे.

१७०९ साली पूर्ण झालेले जुने मंदिर जमिनीत खचून कलले, म्हणून पेद्रो रामिरेस वास्केस या वास्तुशिल्पज्ञाने आखलेले नवे वर्तुळाकार मंदिर १९७६ साली उभे राहिले. १२ डिसेंबरच्या सणाला येथे लक्षावधी लोक लोटतात. कित्येक जण गुडघ्यांवर चालत येतात. वृद्ध माणसे बरोबर असतील तर तो आठवडा टाळावा आणि जानेवारी-फेब्रुवारीत जावे.

राजधानीपासून सुमारे ५० किलोमीटरवर तेओतिवाकान आहे. सुमारे ६५ मीटर उंचीचा सूर्याचा पिरॅमिड पाहण्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी. आस्तेक या भागात आले तेव्हाच हे नगर कित्येक शतके ओस पडलेले होते. आपल्या आधीही कोणी तरी थोर होऊन गेले, ही जाणीव तेथे होते.

कुएर्नाव्हाकाच्या भिंतीवर वसईकर

आता आम्ही ज्या स्थळासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. राजधानीच्या दक्षिणेस सुमारे ८५ किलोमीटरवर कुएर्नाव्हाका नावाचे शहर आहे. तेथील कॅथीड्रल म्हणजे मूळचा सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन मठ. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या उतारांवरील जुन्या मठांना १९९४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत याचा समावेश आहे. १९५० नंतर बिशप सेर्हिओ मेंदेस आर्सेओ यांच्या कारकिर्दीत या चर्चचे नूतनीकरण चालले असताना, मागाहून चढवलेला थर काढल्यावर भिंतींवर एक प्रचंड चित्रमालिका आढळली. होड्या, गाड्या, भाले घेतलेले शिपाई, बांधलेले कैदी आणि अखेरीस ओळीने उभे क्रूस त्यांत दिसतात. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचा ‘तायकोसामा’ हा किताब त्या भिंतीवरील अक्षरांत आजही वाचता येतो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर खिळून भाल्यांनी मारलेल्या २६ रक्तसाक्षींचे ते चित्र आहे.

त्या २६ जणांत आपले संत गोन्सालो गार्सिया आहेत. वसईत १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी जन्मलेले गोन्सालो तरुणपणी येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले, पुढे व्यापारात पडले आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले. १५९३ साली पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले, तेव्हा हिदेयोशीच्या दरबारी दुभाषी म्हणून बोलणारे तेच होते. त्याच २६ जणांत मेक्सिको सिटीत १५७२ साली जन्मलेले फेलिपे दे हेसूस हेही होते. या दोघांची गाठ पडली ती एका फुटलेल्या जहाजामुळे. फेलिपे मनिलात फ्रान्सिस्कन झाले होते. तेथे त्या वेळी बिशप नसल्यामुळे याज्ञिकी दीक्षा घेण्यासाठी ते १५९६ साली ‘सान फेलिपे’ या गलबतातून मायदेशी निघाले. वादळात सापडून ते गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातील मौल्यवान माल हिदेयोशीने जप्त केला. आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागाहून सैन्य, अशी बढाई गलबतावरच्या एका सुकाणूवाल्याने मारली आणि तीच हिदेयोशीच्या कानी गेली, असे सांगतात. इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत. पण ही बढाई त्या काळी कोणालाही खरी वाटावी अशी होती, ही गोष्ट विचारात पाडणारी आहे.

क्योतो येथे या सर्वांचे कान छाटण्यात आले. ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक असे ते २६ जण होते. त्यांत कोवळी मुलेही होती. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना एकाच वेळी संत म्हणून घोषित केले. फेलिपे हे मेक्सिकोचे पहिले संत ठरले, आणि गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत. एका वसईकराचे आणि एका मेक्सिकोकराचे हौतात्म्य अशा रीतीने एकाच दिवसाचे, आणि संतपदही एकाच दिवसाचे. राजधानीच्या कॅथीड्रलमध्ये फेलिपे यांचे उपमंदिर आहे. त्यापुढे गुडघे टेकताना त्यांच्या वसईकर सोबत्याचीही आठवण अवश्य करावी.

कुएर्नाव्हाकाचे हे चित्र कोणी काढले हे ज्ञात नाही. मेक्सिकोतील एका मठाच्या भिंतीवर जपानची कथा का रंगावी, याचे उत्तर मात्र सोपे आहे. १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, मनिला आणि आकापुल्को यांच्या दरम्यान गलबतांची ये-जा होती. आकापुल्कोहून राजधानीकडे जाणारी वाट कुएर्नाव्हाकावरून जात असे, आणि त्या वाटेने धर्मप्रचारक पूर्वेकडे निघत. जाणाऱ्याला आपला शेवट काय होऊ शकतो, हे भिंत सांगत असे.

पुएब्ला : बंदिवान मुलीची कबर

याच गलबतांनी मसाले, रेशीम आणि चिनी मातीची भांडी नेली. याच गलबतांनी माणसेही नेली. राजधानीपासून सुमारे १३० किलोमीटरवरचे पुएब्ला हे १५३१ साली वसलेले शहर त्यासाठी पाहावे. तेथील निळ्या-पांढऱ्या तालाव्हेरा फरशा, १६४९ साली अभिषेक झालेले कॅथीड्रल आणि बिशप पालाफोक्स यांच्या ग्रंथदानातून १६४६ साली स्थापन झालेले ग्रंथालय यांचे वर्णन सर्व मार्गदर्शिकांत आहे. आमची विनंती अशी, की येशूसंघीयांच्या कोम्पान्यिया या चर्चमध्येही जावे. तेथे कातारिना दे सान ह्वान हिची कबर आहे.

ही स्त्री भारतीय होती. सतराव्या शतकाच्या आरंभी मुघलांच्या मुलखात तिचा जन्म झाला आणि तिचे मूळचे नाव मिर्रा होते, असे तिच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवले, कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला, मनिलाच्या बाजारात ती विकली गेली आणि आकापुल्कोमार्गे १६२० च्या सुमारास पुएब्लातील एका कप्तानाच्या घरी दासी म्हणून आली. पुढे मुक्त झाल्यावर तिने प्रार्थनेत आणि दारिद्र्यात आयुष्य काढले. ५ जानेवारी १६८८ रोजी ती वारली तेव्हा तिच्या अंत्यदर्शनासाठी सारे शहर लोटले. आलोन्सो रामोस या येशूसंघीय धर्मगुरूने तिचे तीन खंडांचे चरित्र लिहिले. लोक तिला संत मानू लागले, तशी इन्क्विझिशनने तिच्या तसबिरींवर आणि त्या चरित्रावर बंदी घातली. ती आजतागायत वेदीवर आलेली नाही.

आशियातून आलेल्या कोणालाही तेथे त्या काळी ‘चिनी’ म्हणत. म्हणून ती ‘चीना पोब्लाना’, म्हणजे पुएब्लाची चिनी बाई, या नावाने प्रसिद्ध आहे. मेक्सिकोच्या स्त्रियांचा नक्षीदार घागऱ्याचा एक राष्ट्रीय पोशाखही याच नावाने ओळखला जातो. तो तिच्यापासूनच आला ही मात्र पुढची दंतकथा. पोशाख एकोणिसाव्या शतकातला आहे. पोर्तुगीजांच्या गुलामांच्या व्यापाराविषयी आपण आपल्या इतिहासात फारसे बोलत नाही. ज्या झेंड्याखाली गोन्सालो यांच्यासारखा धर्मबंधू घडला, त्याच झेंड्याच्या सावलीत ही मुलगी पळवली गेली. कुएर्नाव्हाकाची भिंत पाहावी आणि दुसऱ्या दिवशी ही कबर पाहावी. दोन्ही मिळूनच आपला इतिहास पुरा होतो.

पुएब्लाजवळ चोलूला येथे आकारमानाने जगातील सर्वांत मोठा मानला जाणारा पिरॅमिड आहे. वरून तो टेकडीसारखा दिसतो आणि त्याच्या माथ्यावर मरियामातेचे चर्च आहे. याच गावात १५१९ साली कोर्तेसने नगरवासीयांची भीषण कत्तल केली होती.

दोन धर्मपुरुष, दोन वाटा

ज्यांच्याजवळ आणखी आठ दिवस आहेत, त्यांनी एकमेकांपासून फार दूर असलेली दोन स्थळे एकाच प्रवासात पाहावीत. पहिले मिचोआकान प्रांतातील पात्स्क्वारो. १५३० साली नून्यो दे गुस्मान या क्रूर अधिकाऱ्याने येथील पुरेपेचा राजाला ठार मारले आणि लोक रानावनांत पळाले. त्यांना परत आणण्याचे काम व्हास्को दे किरोगा यांच्याकडे आले. ते व्यवसायाने कायदेपंडित व न्यायाधीश होते. पुढे ते मिचोआकानचे पहिले बिशप झाले. थॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’ या ग्रंथातील कल्पना त्यांनी प्रत्यक्षात उतरवण्याचा प्रयत्न केला. सामायिक जमीन, दिवसाला सहा तास काम, आजाऱ्यांची व वाटसरूंची शुश्रूषा, आणि गावोगावी एकेक हस्तकला, अशी त्यांची योजना होती. सांता क्लाराचे तांबटकाम आजही त्यांच्याच नावाशी जोडले जाते. लोक त्यांना ‘ताता व्हास्को’, म्हणजे बाबा व्हास्को, म्हणतात. १५६५ साली ते वारले. पात्स्क्वारोच्या मंदिरात त्यांचे अवशेष आहेत, आणि त्याच मंदिरात मक्याच्या ताटांच्या लगद्यापासून घडवलेली आरोग्यमातेची मूर्ती आहे. वेळांकण्णीला जाणाऱ्या आपल्या भाविकांना मातेचे हे नाव परके वाटणार नाही.

दुसरे स्थळ युकातानमधील ईसामाल. पिवळ्या रंगाचा तेथील भव्य मठ माया लोकांच्या पिरॅमिडाच्या चौथऱ्यावर उभा आहे. तो उभारण्यात पुढाकार होता दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कनाचा. याच लांदाने १२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी मूर्तींबरोबर माया लिपीतील ग्रंथांची होळी केली. लोकांचा छळ करून कबुलीजबाब घेतले. बिशप तोराल यांनी आल्यावर चौकशी करून कैद्यांना सोडले. लांदा स्पेनला गेला आणि तेथे निर्दोष ठरून पुढे स्वतःच बिशप म्हणून परतला. माया लोकांच्या साऱ्या ग्रंथसंपदेतून आज जगात केवळ चार ग्रंथ उरले आहेत. विलक्षण गोष्ट अशी, की लांदाने लिहून ठेवलेल्या टिपणांतील अक्षरांच्या आधारेच विसाव्या शतकात युरी क्नोरोझोव्ह यांना माया लिपीची किल्ली सापडली. ऑगस्ट १९९३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ईसामाललाच येऊन अमेरिकेच्या मूलनिवासी समाजांची भेट घेतली. चिचेन इत्सा तेथून दूर नाही. ते पाहावेच, पण ईसामाल चुकवून नव्हे.

एकच क्रूस हाती घेतलेल्या दोन माणसांनी किती भिन्न मार्ग धरले! किरोगा यांनी लोकांना गावे दिली. लांदाने त्यांची स्मृती जाळली. सप्टेंबर २०२१ मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त तेथील बिशपांना पाठवलेल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी भूतकाळातील पापांची कबुली देण्याची गरज सांगितली, ती या पार्श्वभूमीवर.

धर्मगुरूंचे बंड आणि धर्मगुरूंवरचे बंड

ग्वानाह्वातो प्रांतातील दोलोरेस गावात १६ सप्टेंबर १८१० च्या पहाटे मिगेल इदाल्गो या धर्मग्रामाच्या फादरांनी चर्चची घंटा वाजवून स्पेनविरुद्ध बंड पुकारले. वाटेत आतोतोनिल्कोच्या मंदिरातून त्यांनी ग्वादालुपेच्या मातेचे चित्र उचलले आणि तोच बंडाचा ध्वज झाला. १८११ साली त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे मस्तक ग्वानाह्वातोच्या धान्यकोठाराच्या कोपऱ्यावर १८२१ पर्यंत टांगलेले होते. त्यांच्या मागून लढणारे होसे मारिया मोरेलोस हेही धर्मगुरूच होते. आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्यात ख्रिस्ती माणूस कोठे होता, असे विचारणाऱ्यांना सांगण्यासारखा हा दाखला आहे.

शंभर वर्षांनी चक्र फिरले. १९१७ च्या घटनेने चर्चवर कडक बंधने घातली आणि १९२६ साली राष्ट्राध्यक्ष काय्येस यांनी ती कठोरपणे अमलात आणली. बिशपांनी सार्वजनिक उपासना थांबवली. शेतकऱ्यांनी ‘ख्रिस्तराजाचा विजय असो’ म्हणत शस्त्रे उचलली. १९२९ पर्यंत चाललेल्या या क्रिस्तेरो युद्धात दोन्ही बाजूंचे हजारो लोक मारले गेले. फादर मिगेल प्रो या येशूसंघीयास २३ नोव्हेंबर १९२७ रोजी खटला न चालवता गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचे अवशेष राजधानीतील पवित्र कुटुंबाच्या चर्चमध्ये आहेत. होसे सांचेस देल रिओ हा तर चौदा वर्षांचा मुलगा. २०१६ साली त्याला संतपद मिळाले. ग्वानाह्वातोजवळ कुबिलेते डोंगरावर ख्रिस्तराजाचा उंच पुतळा आहे. त्याच्या आधीचे स्मारक १९२८ साली सुरुंगाने उडवण्यात आले होते. मेक्सिको व व्हॅटिकन यांचे राजनैतिक संबंध १९९२ साली पुन्हा जुळले. अधिकार असताना चर्चने जे केले आणि अधिकार गेल्यावर तिच्या लेकरांनी जे सोसले, ते दोन्ही याच भूमीत आहे.

चापिंगो : एक मराठी माणूस

शेवटचे स्थळ धर्माचे नाही. पण मराठी वाचकाला ते वगळता येणार नाही. राजधानीजवळ तेश्कोको येथील चापिंगो कृषिविद्यालयात वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे १९२४ नंतर प्राध्यापक होते. गदर चळवळीतील हा क्रांतिकारक मायदेशाला पारखा होऊन मेक्सिकोत आला आणि तेथे मक्याच्या वाणांवर संशोधन करीत गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवू लागला. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकर वाटणाऱ्या मंडळींचे चित्र काढले, त्यात खानखोजे यांना मध्यभागी बसवले. १९६७ साली ते नागपूरला वारले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेच्या सभापतींच्या हस्ते झाले.

याच परिसराच्या आसपास नॉर्मन बोरलॉग यांच्या गव्हाच्या संशोधनाला पुढे जागतिक केंद्राचे रूप आले, आणि १९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. आपल्या ताटातली मिरची, मका, टोमॅटो, झेंडूचे फूल, निशिगंध ही सारी मूळची त्याच भूमीकडची. डहाणू-घोलवडच्या बागांतला चिकू तर आपले नाव थेट नाव्हात्ल भाषेतून घेऊन आला. तोर्तिया ही मक्याची पातळ भाकरीच; ती मिरच्यांच्या ‘मोले’ रश्शाबरोबर खाताना आपल्या माणसांना घरची आठवण व्हावी.

निवडीचा क्रम

तेव्हा दोन आठवड्यांचा हिशेब असा लावावा. राजधानी, तेपेयाक, तेओतिवाकान व चापिंगो यांना पाच दिवस, कुएर्नाव्हाकाला एक, पुएब्ला व चोलूलाला दोन, पात्स्क्वारो आणि ग्वानाह्वातो यांना मिळून चार, आणि विमानाने युकातानला जाऊन दोन. दिवस कमी असतील तर युकातान सोडावे, पण कुएर्नाव्हाका आणि पुएब्ला सोडू नयेत. जून ते ऑक्टोबर हा पावसाळा. नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. राजधानीच्या उंचीवर पहिल्या दिवशी दम लागतो, म्हणून त्या दिवशी फार चालू नये. समुद्रकिनाऱ्याविषयी आम्ही काही लिहिले नाही. वसईच्या माणसाला समुद्र पाहण्यासाठी मेक्सिकोला जाण्याची गरज नाही.

जे जातील त्यांनी मुलांना बरोबर न्यावे आणि कुएर्नाव्हाकाच्या भिंतीपुढे त्यांना सांगावे, की या ओळीतला एक जण आपल्या गावचा होता. आणि पुएब्लाच्या कबरीपुढे हेही सांगावे, की ही मुलगीही आपल्याच देशाची होती. पहिली गोष्ट सांगताना आपली मान ताठ होईल, दुसरी सांगताना खाली जाईल. आपल्या श्रद्धेचा इतिहास मुलांच्या हाती पुरा जावा असे वाटत असेल, तर या दोन्ही गोष्टी त्यांनी आपल्याच तोंडून ऐकणे आवश्यक आहे.